समुद्र बंद करू नका, तिथी बघून न्या

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचे प्रस्ताव तालुक्याला जातात. यंदा आमच्या भागातल्या बऱ्याच शाळांचे प्रस्ताव परत आले. समुद्रकिनारा वगळा आणि नवा आराखडा द्या, एवढाच शेरा त्यावर होता. कारण लिहिलेलं नव्हतं. काही शाळांनी समुद्र खोडून तिथं वॉटर पार्क लिहिला आणि त्याला लगेच मंजुरी मिळाली. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. गप्प बसणंही जमत नाही, म्हणून हे पत्र आपल्याला आणि आपल्या निमित्तानं सगळ्या पालकांना लिहीत आहोत.

आम्ही मराठवाड्यातून कोकणात सहली नेणारे शिक्षक. आमच्या वर्गातली निम्मी लेकरं उसाच्या फडावर जाऊन आलेली आहेत. टँकरमागे घागर घेऊन पळणं त्यांना नवीन नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते त्यांच्या घरात अजून बोललं जातं. या लेकरांच्या भूगोलात सातवीला भरती-ओहोटीचा धडा आहे. तो आम्ही फळ्यावर दोन गोल काढून शिकवतो. ज्या धड्यातली गोष्ट डोळ्यांनी पाहायची एकच संधी बहुतेकांना आयुष्यात मिळते, ती संधी म्हणजे ही सहल. पैसेवाल्यांची मुलं गोव्याला जातीलच. बंदीचा फटका बसतो तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांना.

आपली भीती खोटी नाही, हे आधी मान्य करतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी भूतनाथच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले ८ जण गेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. पण यातून आपण काढलेला अर्थ चुकीचा आहे. मुरूड आणि वायरीला बुडालेले शाळकरी नव्हते, महाविद्यालयातले होते. शाळेत असताना ज्यांना समुद्र दाखवला नाही, ती मुलं अठरा-वीस वर्षांची झाली की मित्रांच्या गाडीतून समुद्राला जाणारच. तेव्हा त्यांच्यासोबत शिक्षक नसतो, दोर नसतो आणि पाणी कधी ओढतं हे सांगणारं कुणी नसतं. बंदीनं धोका टळत नाही, चार वर्षांनी पुढं ढकलला जातो.

आमची मुख्य तक्रार त्याहून मोठी आहे. सहलीच्या प्रस्तावात आपण गाडीचा क्रमांक मागता, चालकाचा परवाना मागता, पालकांची संमतीपत्रं मागता, विम्याची पावती मागता. हे सगळं हवंच. पण लेकरू ज्या पाण्यात पाय घालणार, त्या पाण्याची त्या दिवशीची वेळ एकाही रकान्यात विचारलेली नाही. समुद्राचं वेळापत्रक असतं, ते वर्षभर आधी छापून येतं, आणि त्याचा कच्चा हिशोब मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत असतो.

तो हिशोब इथंच देतो. त्या दिवशीची तिथी घ्या, तिला तीननं गुणा आणि चारनं भागा. येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून भरती दोनदा येते, त्यामुळं हीच वेळ दिवसाला एकदा आणि रात्री एकदा धरायची. दुसरी भरती साधारण पंचवीस मिनिटांनी उशिरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो. कोकणातली जुनी माणसं याच हिशोबानं होड्या सोडत आली. तो अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होऊ शकतो, म्हणून सहलीची तारीख पक्की करताना छापील भरतीकोष्टक बघावंच, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेनं उंच लाटांचा इशारा दिला आहे का, तेही बघावं. ते फुकट मिळतं.

आता येळवसेचं, म्हणजे वेळ अमावास्येचं उदाहरण घ्या. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्येला शाळा बंद असतात, सगळा गाव रानात जेवायला जातो. डिसेंबर-जानेवारीत येणारी ही सुट्टी पुढं दोन-तीन दिवसांना जोडून घेतली की सहल बसते, म्हणून कितीतरी शाळा त्याच रात्री गाडी काढतात. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत समुद्राला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्तीत जास्त चढतं आणि जास्तीत जास्त उतरतं. अमावास्येच्या रात्री निघालेली गाडी प्रतिपदेला दुपारी कोकणात पोचते. द्वितीयेला भरती दुपारी दीड वाजता पूर्ण होते आणि तिथून पाणी उतरायला लागतं. उतरणारं पाणी सगळ्या तासांत सारखं जात नाही. पूर्ण पाण्याचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत निम्मं पाणी बाहेर पळतं. आमच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत समुद्रस्नानाची वेळ काय लिहिलेली असते? सायंकाळी चार ते सहा. ऊन उतरलेलं असतं, सूर्यास्त बघायचा असतो, म्हणून ही वेळ. लेकरांना आपण नेमक्या उधाणाच्या ओहोटीत, पाणी सगळ्यात जोरात बाहेर जात असताना उतरवतो. खाडीच्या मुखाजवळ तर ही ओढ कित्येक पट वाढते, कारण खाडीत चढलेलं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण विचारणारा रकानाच नाही.

दुसरी तक्रार शिक्षकांच्या तयारीबद्दल आहे. आमच्याकडं पोहता येणं म्हणजे विहिरीत पोहता येणं. पाठीला डबा बांधून पोरगं शिकतं आणि महिन्याभरात पायऱ्यांवरून सूर मारतं. असं पोरगं समुद्रात सगळ्यात आधी पुढं जातं, कारण त्याला भीती वाटत नाही. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं आणि चार हातांवर कडा असतो. समुद्रात लाटा पाणी किनाऱ्यावर ढकलत राहतात, आणि ते साठलेलं पाणी वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेनं परत जातं. ही वाट वरून बघणाऱ्याला सुरक्षित वाटते, कारण दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत. तिथलं पाणी गडद किंवा गढूळ दिसतं, त्यावरचा फेस समुद्राच्या दिशेनं सरकताना दिसतो. लेकरं शांत पाणी बघून तिथंच शिरतात. त्या वाटेत सापडलेल्यानं किनाऱ्याकडं तोंड करून कितीही हात मारले तरी तो पुढं येत नाही, थकतो आणि बुडतो. उपाय असा की अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून ओरडायचं, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या वाटेच्या बाहेर यायचं. लाटा फुटतात तिथं पोचलं की लाटच आत आणते. एवढी गोष्ट प्रार्थनेच्या वेळी दहा मिनिटांत शिकवता येते. मैदानावर चुन्यानं रेघा मारून दाखवता येते.

हातात हात धरून साखळी करून पाण्यात उभं राहायची पद्धत तर ताबडतोब थांबवली पाहिजे. कमरेएवढ्या पाण्यात परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. एक जण पडला की साखळीतले सगळे पडतात, आणि घाबरलेला माणूस शेजारच्याच्या गळ्याला मिठी मारतो. मुलींच्या ओढण्या आणि सलवार भिजून जड होतात, मोकळी ओढणी पायात अडकते, म्हणून ओढणी वाळूवरच ठेवायची आणि सलवारीचे पाय वर खोचायचे. नऊवारी असो की सहावारी, साडीतल्या बाईंना पाण्यात धावता येत नाही. किनाऱ्यावर ड्यूटी असलेल्या शिक्षिकांनी सलवार-कमीज किंवा ट्रॅकपँट घालावी, यात कुणाचा मान जात नाही. चेंडू आणि हवा भरलेल्या ट्यूबा पाण्याजवळ नेऊच नयेत. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारा वाहतो, तो चेंडू आत नेतो आणि लेकरू चेंडूमागं आत जातं.

किनाऱ्यावर काय करायचं ते आम्ही करतो तसं सांगतो. दोन बांबू आणि तीस मीटर दोर सोबत न्या. गावातल्या मच्छीमाराला किंवा जीवरक्षकाला विचारून जागा ठरवा, नुसत्या नजरेनं ठरवू नका. दोर ओल्या वाळूत किनाऱ्याला समांतर बांधा. त्याच्या पुढं फक्त पाळी असलेला गट जाईल, बाकीची लेकरं दोराच्या मागं बसून राहतील. एका वेळी दहा लेकरं, पंधरा मिनिटं, आणि पाणी गुडघ्याच्या वर नाही. मोठी दोन माणसं लेकरांच्या पुढं, समुद्राच्या बाजूला उभी राहतील. त्यांतला एक जण लेकरांकडं तोंड करून आणि दुसरा येणाऱ्या लाटांवर नजर ठेवून. त्यांच्याकडं मोबाइल नसेल. तिसरा माणूस वाळूवर, हातात मोकळा दोर आणि शिट्टी घेऊन. पाण्यात जाताना मोजायचं, बाहेर आल्यावर मोजायचं, आणि गाडीत बसल्यावर पुन्हा नाव घेऊन हजेरी. सूर्यास्त सहा-सव्वासहाला होतो. साडेपाचला शेवटचं लेकरू कोरड्या कपड्यांत असलं पाहिजे. सूर्यास्त वाळूवर बसून बघायचा. चप्पल बंदाची, कारण खडकावरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. जाळ्यातून टाकून दिलेला साप मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही.

बोटीबद्दल थोडक्यात. बोटीवर क्षमता लिहिलेली असते, त्यात चालक-खलाशीही मोजायचे. लाइफ जॅकेट अंगात घातलं, सगळे पट्टे लावले, की शिक्षकानं ते दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघावं. ते कानापर्यंत आलं तर लेकरासाठी मोठं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. बारीक अंगाच्या पाचवी-सहावीच्या लेकराला मोठ्यांचं जॅकेट म्हणजे गळ्यातलं ओझं. लहान मापाची जॅकेट नसतील तर त्या लेकरांना त्या बोटीत बसवू नका, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. बोट धक्क्याला लागते तेव्हा सगळे एकाच बाजूला उठतात, आणि फोटोसाठीही तसंच होतं. दोन्ही वेळी सगळ्यांनी बसून राहायचं आणि एकेक उतरायचं.

तिसरी तक्रार कार्यक्रमाची. एका आठवड्याच्या सहलीत पंढरपूर, अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, गणपतीपुळे, मालवण आणि परत, असा आराखडा आपल्याकडून मंजूर होतो. यात समुद्राला मिळतो पाऊण तास, आणि तोही अर्धी झोप डोळ्यांवर असलेल्या लेकरांना. लातूरहून वेंगुर्ल्याला तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता पाचशे किलोमीटरच्या वर होतो; नांदेडकरांना त्यात आणखी दीडशेच्या आसपास मिळवा. सहलीच्या गाडीला थांबे धरून बारा ते चौदा तास लागतात. कामगार कायद्यात चालकाला दिवसाचे आठ तास काम सांगितलं आहे, आणि आपण एका चालकावर हा सगळा रस्ता रात्री काढतो. आंबोलीचा घाट समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवरून उतरतो. धुक्यात, पहाटे, मागं निम्मी लेकरं उलट्या करत असताना हा घाट उतरवू नये. पहिल्या रात्री कोल्हापूर किंवा आजऱ्याला मुक्काम, सकाळी उजेडात घाट, आणि दुपारच्या जेवणाला कोकण, असं ठेवलं तर लेकरं शुद्धीत समुद्र बघतात. घाटाआधी दोन तास पोटभर खायला देऊ नये. वाटेसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस टिकतात आणि पोट बिघडत नाही.

आणि जायचं कुठं, याचाही विचार करा. डिसेंबरात सगळ्या शाळा मालवण-तारकर्लीला एकाच वेळी जातात. किनाऱ्यावर गर्दी, धक्क्यावर रांग, आणि गर्दीत लेकरू हरवण्याचा धोका वेगळाच. तिथून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर वेंगुर्ला आहे. छोटं, निवांत गाव. बंदर आहे, दीपगृह आहे, सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत. समुद्रात लांब खडकाळ बेटं दिसतात, त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथल्या गुहांत पाकोळी पक्षी लाळेची घरटी बांधतात, आणि त्या घरट्यांची चोरी व्हायची म्हणून त्यांचं रक्षण करावं लागलं. ती बेटं लेकरांनी बंदरावरूनच बघायची, तिकडं जायचं नाही. शेतकऱ्याच्या लेकराला दाखवण्यासारखी आणखी एक जागा म्हणजे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, जिथं वेंगुर्ला या नावानं ओळखल्या जाणाऱ्या काजूच्या जाती तयार झाल्या. जवळच्या शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. इतिहासाच्या पुस्तकातली ओळ आणि पायाखालची जमीन एकाच ठिकाणी सापडते.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत गावातल्याच महिलांचा स्वामिनी हा बचत गट कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या जंगलाची, सफर घडवतो. वल्ह्यांची होडी, इंजिनाचा आवाज नाही. या सफरीलाही पाण्याची वेळ बघावी लागते. पूर्ण ओहोटीत होडी चिखलात रुतते, पूर्ण भरतीत मुळं पाण्याखाली जातात आणि बघायला फक्त पानं उरतात. भरती निम्मी चढलेली असताना, म्हणजे पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी निघावं. तेव्हा तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मूळच वर काढून श्वास घेतं. कांदळाची मुळं खोडातून बाहेर पडून तिरकी चिखलात शिरलेली, मांडवाला टेकू दिल्यासारखी. त्याचं बी झाडावरच उगवतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबत राहतं. ओहोटीत पडलं तर सरळ चिखलात रोवलं जातं, भरतीत पडलं तर तरंगत दुसरीकडं जातं. तिवराचं पान उलटं करून जिभेला लावलं की खारट लागतं, उन्हात बारीक मिठाचे कण चमकतात. मुळांतून शिरलेलं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं.

इथं मराठवाड्याच्या लेकराला थांबवून विचारावं की तुमच्या रानात असं पांढरं कुठं दिसतं. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेतलेल्या, निचरा नसलेल्या रानात जमीन क्षारपड होते, वर पांढरा थर येतो आणि पेरलेलं उगवत नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातल्या लेकरांना हे रोजचं आहे. मिठानं मेलेलं रान आणि मिठात उभं जंगल, हा फरक त्यांच्याइतका कोकणातल्या लेकरालाही कळणार नाही. हा धडा कुठल्या वॉटर पार्कमध्ये शिकवणार?

एक खबरदारी. कांदळवनात हुरा नावाचं झाड असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. फांदी कुठलीच मोडायची नाही, कायद्यानंही कांदळवन संरक्षित आहे. २०२० साली महाराष्ट्रानं सफेद चिपीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं, ते झाड सोबतच्या ताईंना विचारून आवर्जून दाखवा.

मालवणचा सिंधुदुर्ग बघायचाच असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी बघा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर पायाभरणी केलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडं खारं पाणी आणि मधोमध गोडं. पावसाचं पाणी बेटाच्या खडकात मुरतं आणि हलकं असल्यानं खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. टँकरच्या गावातल्या लेकराला त्या विहिरीच्या काठावर पाच मिनिटं उभं राहू द्या, घाई करू नका.

परतताना आंबोलीला दोन तास ठेवा. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेली माशाची नवी जात २०२० साली नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथल्या पाण्यात हात घालायचा नाही, एवढं सांगितलं की झालं.

आता मागण्या.

समुद्रकिनारा सरसकट वगळण्याचा शेरा मागं घ्या. त्याऐवजी किनाऱ्यावरच्या सहलीची परवानगी अटींवर द्या, आणि त्या अटी लेखी, सगळ्या जिल्ह्यांत सारख्या असू द्या. प्रस्तावात एक पान वाढवा. त्या पानावर मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाची तिथी, भरतीकोष्टकातली भरती-ओहोटीची वेळ, लेकरं पाण्याजवळ असण्याची वेळ, आणि पाण्यापुढं उभ्या राहणाऱ्या दोन मोठ्या माणसांची नावं असतील. हे पान रिकामं असेल तर प्रस्ताव जरूर परत करा, आमची हरकत नाही.

सहलीच्या तारखा दोन्ही पक्षांतल्या षष्ठी ते नवमीच्या दरम्यान घेण्याची शिफारस करा. या दिवसांत पाण्याची चढ-उतार कमी असते, कोकणात त्याला भांगाची भरती म्हणतात, आणि दुपारी साडेचार ते पावणेसात या वेळेत भरती पूर्ण होते. म्हणजे चार ते पाचला पाणी बाहेर ओढत नाही, हळूहळू आत येतं. तरीही लाटा मोठ्या असतील त्या दिवशी कुणालाच पाण्यात उतरवायचं नाही. ही चार-पाच दिवसांची खिडकी महिन्यातून दोनदा मिळते. येळवसेला जोडून समुद्राची सहल काढू नका. ती सुट्टी रानातल्या आंबिलीला आणि भज्जीला राहू द्या.

दहा लेकरांमागं एक शिक्षक, मुलींच्या प्रत्येक गटात दोन शिक्षिका, दोन चालक, किनाऱ्यावर किमान दोन रात्रींचा मुक्काम आणि रात्री दहानंतर प्रवास नाही, एवढं बंधनकारक करा. मुलींचे कपडे बदलायची आणि स्वच्छतागृहाची सोय मुक्काम ठरवतानाच फोनवर विचारून लिहून घ्या. ती सोय नाही म्हणून पालक मुलींना पाठवत नाहीत, आणि मग सहल फक्त मुलांची होते. ऊसतोड कामगारांच्या लेकरांचं सहल शुल्क शाळेच्या निधीतून किंवा लोकवर्गणीतून भरण्याची तरतूद आराखड्यातच दाखवायला सांगा.

सहलीच्या आधी प्रत्येक तालुक्यात सहलप्रमुख शिक्षकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवा. त्यात भाषण नको. तिथीचा हिशोब प्रत्येकानं स्वतः करायचा, लाइफ जॅकेट स्वतः घालून बघायचं, बुडालेल्याला छातीवर दाब देऊन श्वास देण्याचा सराव बाहुलीवर करायचा. सरकारी रुग्णालयातली परिचारिका हे दोन तासांत शिकवू शकते. हे प्रशिक्षण द्यायला आम्ही स्वतः, स्वखर्चानं, कुठल्याही तालुक्याला यायला तयार आहोत.

किनाऱ्यावरच्या नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनाही एक विनंती आपण आपल्या पत्रानं कळवा. नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांचा हंगाम आहे आणि सहली आठवड्याच्या मधल्या वारीही येतात. या तीन महिन्यांत रोज जीवरक्षक असावा, आणि वाळूच्या तोंडावर त्या दिवशीच्या भरती-ओहोटीची वेळ मराठीत, मोठ्या अक्षरांत, खडूनं लिहिलेला फळा असावा.

नव्या आराखड्याच्या परवानग्या येत्या दोन आठवड्यांत निघाल्या तर डिसेंबरातल्या शुक्ल पक्षातली खिडकी हाताशी लागते. ती चुकली तर कृष्ण अष्टमीच्या आसपासची, आणि मग थेट जानेवारी. आमच्या शाळांनी तिथीच्या पानासह प्रस्ताव पुन्हा सादर केले आहेत. त्यांवर हो किंवा नाही, जे असेल ते कारणासह लेखी द्यावं.

आपले,
मराठवाड्यातून कोकणात सहली नेणारे शिक्षक